ओळख पटण्याची हमी

कोणत्याही कलेस गिऱ्हाईक लागते, परंतु गिऱ्हाइकास ती कला लागत नाही, हा या जगातील मूळ तंटा होय. मारोतराव रंगभूषाकार यांस हा तंटा ऐन उमेदीत, आणि तोही नैतिक कारणाने, सोसावा लागला. भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या आसपास जेवढ्या म्हणून दंडारी आणि नाटके होत, तेवढ्यांतील पात्रांची तोंडे मारोतराव रंगवीत असत. त्यांच्या हातचा राक्षस शेवटच्या रांगेतल्या पोरालाही डोळा लावू देत नसे, आणि त्यांनी रंगविलेला देव पाहून म्हाताऱ्या बाया बसल्या जागी हात जोडीत. सन एकोणीसशे छप्पनच्या दसऱ्यास मारोतराव नागपुरास गेले, लाखो बांधवांसमवेत त्यांनी धम्मदीक्षा घेतली, आणि परतीच्या गाडीत त्यांच्या ध्यानात आले की आपले बहुतेक गिऱ्हाईक देव होते.

"देवाले मानू नोका, असं सांगतलं आहे. रंगवू नोका, असं कुठी सांगतलं?" असा युक्तिवाद नाटक मंडळीच्या मालकाने केला. परंतु मारोतराव सरळ मनाचे गृहस्थ. ज्याला मानायचे नाही त्याला नटवून लोकांपुढे उभा करावयाचा, हे लबाडीचे काम आपल्याच्याने होणार नाही, असे त्यांनी निश्चयपूर्वक सांगितले. देव सुटले, त्यांच्यापाठोपाठ राक्षसही सुटले, आणि मारोतरावांच्या वाट्यास केवळ मनुष्यप्राणी उरला. या प्राण्यास शिमग्याखेरीज तोंड रंगविण्याची हौस नसते, आणि शिमग्यास तो फुकट रंगवून घेतो.

त्या काळी भिलाईस जंगल तोडून पोलादाचा कारखाना उभारला जात होता, आणि ज्याचे कुठेही काही झाले नाही त्याचे तिथे काही ना काही होते, अशी त्या जागेची ख्याती झाली होती. तेव्हा मारोतराव आपली रंगपेटी आणि पत्नी शेवंता यांसह भिलाईस आले आणि शेवंताचा भाऊ बळीराम याच्याकडे उतरले. बळीराम रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, असून त्यास दीड खोलीचे क्वार्टर होते. पाहुणा त्या दीड खोलीत मावत होता. त्याची पेटी मात्र बळीरामच्या पत्नीच्या, म्हणजे ठकूबाईच्या, पायात रोज येत असे. सफेदा, हिंगूळ, पिवडी, काजळ, डिंक आणि मिशांचे केस एवढा संसार ज्या घरात उघडा पडतो, तेथील भाकरीस कधी ना कधी रंग चढतोच. तो चढल्यावर ठकूबाईने नवऱ्यास बोलावयास लावले.

"भाऊजी," बळीराम म्हणाला, "दिवारीपस्तोर तुमचं काई जमलं तं जमलं. नाई तं मी मुकादमासंगं बोलून ठेवलं आहे. शेवंताले रेजाच्या कामावर घेतो म्हन्ते तो."

रेजा म्हणजे डोक्यावर घमेले घेऊन दिवसभर माती वाहणारी बाई.

"आणि मला?" मारोतरावांनी विचारले.

"तुमाले कसं घेईन? तुमी कलावंत."

मारोतरावांच्या आईने जन्मभर तलावाच्या कामावर माती वाहिली होती, आणि तिच्या तोंडावरची माती अखेरच्या आंघोळीतही पुरती निघाली नव्हती. आपल्या बायकोच्या डोक्यावर घमेले चढू द्यावयाचे नाही, ही एकच प्रतिज्ञा मारोतरावांनी कोणाच्याही सांगण्यावाचून, स्वतःच्या मनाने घेतलेली होती. तिच्या पालनार्थ त्यांस आता गिऱ्हाईक पाहिजे होते.

शेवंताचे मत निराळे होते. ती म्हणाली, "मले मातीचं भेव नाई. लाज तुमालेच वाटून राहिली."

"कलेची लाज कशाची?"

"कलेची नाई म्हनत मी. रिकामं बसाची."

मारोतरावांनी जाहिरातीच्या प्रश्नाचा सांगोपांग विचार केला. कापडवाला आपल्या दारात कापड टांगतो, हलवाई परातीत जिलबी मांडतो. परंतु रंगभूषाकाराचा माल दुसऱ्याच्या तोंडावाचून दिसत नाही, आणि तोंड कोणी उसने देत नाही. सबब त्यांनी स्वतःच्याच तोंडाचे दोन भाग केले. उजवा भाग उत्तम रंगविला: गोरा गाल, त्यावर लाली, धनुष्याकृती भुवई आणि वर पिळलेली अर्धी मिशी. डावा भाग निसर्गाने दिला तसाच, खुंट वाढलेला, ठेवला. या तयारीने ते जवळच्या सुपेला गावच्या आठवडी बाजारात, मिरची विकणाऱ्या बायांच्या आणि मच्छीवाल्यांच्या मधोमध, हळूहळू चालू लागले. ज्यास 'आधी' पाहावयाचे आहे त्याने डावीकडून यावे आणि ज्यास 'नंतर' पाहावयाचे आहे त्याने उजवीकडून यावे, अशी ती व्यवस्था होती.

"कावून जी," एकाने विचारले, "ऊन एकाच बाजूनं लागलं का?"

"ही रंगभूषा आहे. लग्नकार्य, नाटक, फोटो, सर्व प्रसंगांसाठी करून दिली जाईल."

"मंग आधीची बाजू कोनती?"

"डावी."

त्या गृहस्थाने दोन्ही बाजूंनी फिरून नीट पाहिले. "डाव्या बाजूचा मानूस बरा वाटते," तो म्हणाला. "उजव्याले मी उधार नाई देनार."

दुसरा एक जण अंगावरच्या गजकर्णासाठी हे औषध चालेल काय, याची चौकशी करून गेला. पोरे मागे लागली. मारोतराव मात्र गंभीरपणे चालतच राहिले, कारण जगात प्रत्येक नव्या गोष्टीस प्रथम पोरेच भेटतात, असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले होते.

त्या बाजाराच्या टोकाशी ओमप्रकाश नावाच्या इसमाने तंबू ठोकून फोटो काढण्याचा धंदा मांडला होता. त्याने तंबूचा पडदा बाजूला सारून मारोतरावांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हटले, "उस्ताद, अंदर आइए. मुझे आपका यह दायाँ वाला आधा चाहिए."

ओमप्रकाशची अडचण पुढीलप्रमाणे होती. कारखान्याच्या उभारणीत पुष्कळ ठेकेदार कंपन्या गुंतल्या होत्या; त्यांपैकी एकीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्या फाटकातून आत जाण्यासाठी मजुरास फोटोचा पास लागे, आणि फोटोसंबंधी कंपनीचा नियम असा होता की चेहरा स्पष्ट व उजळ असावा. हा नियम करणारा साहेब विजेच्या दिव्याखाली दाढी करणारा असून त्याने चेहरा म्हणून जो काही पाहिला होता, तो दाढीच्याच आरशात. इकडे मजूर आलेले भंडारा, बालाघाट आणि दुर्गच्या खेड्यांतून, जन्मभर उन्हात तापून. त्यांचा फोटो ओमप्रकाशच्या जुन्या कॅमेऱ्यातून निघाला म्हणजे रात्री काढलेल्या तव्याच्या फोटोसारखा दिसे. कंपनीचा बाबू तो उलटसुलट करून पाही आणि पाठीवर शेरा मारी, 'सदरहू फोटोत चेहरा आढळून आला नाही.' ज्याला चेहरा नाही त्याला पास नाही, आणि ज्याला पास नाही त्याला काम नाही. अशा रीतीने कित्येक धडधाकट माणसे फाटकाबाहेर तोंड असून बिनचेहऱ्याची बसली होती.

त्यांतला चिंधू नावाचा मजूर मारोतरावांच्या हाती प्रथम आला. तो साकोलीकडचाच. तोंडावर देवीचे व्रण, समोरचा एक दात अर्धा तुटलेला, आणि हसला म्हणजे डोळे पार नाहीसे होत. मारोतरावांनी त्यास ओंडक्यावर बसविले. देव आणि राक्षस वर्ज्य केल्यामुळे त्यांच्या हातात एकच भरवशाचे तोंड उरले होते, ते म्हणजे नाटकातल्या राजाचे. तेच त्यांनी चिंधूस लावले. गॅसबत्तीच्या उजेडात दूरवर दिसावे म्हणून दिलेला तो जाड सफेदा दिवसाउजेडी पाहणाऱ्यास घाबरवून सोडी. कॅमेऱ्यास मात्र तो फार मानवला. बाबूने फोटो पाहिला आणि नोकरीत प्रथमच 'उत्तम' असा शेरा लिहिला.

त्यानंतर ओमप्रकाशच्या तंबूपुढे रांग लागली. आत राजे तयार होऊ लागले आणि बाबू त्यांस धडाधड मंजुरी देऊ लागला. पहिला राजा पास घेऊन कामावर निघाला तो अर्थातच चिंधू. फाटकावर बिहारकडचा एक करारी शिपाई होता. त्याने पास पाहिला, चिंधूस पाहिले, आणि पुन्हा पास पाहिला.

"यह किसका पास है?"

"माहाच."

"इसमें तो कोई राजा बैठा है. तू कौन?"

"राजा मीच होय जी. तो मीच."

"तू यह होता तो गिट्टी ढोने आता?"

चिंधूने पास परत घेऊन कनवटीस लावला. तो तडक मारोतरावांकडे आला.

"मारोतराव, बिनफोटोचा होतो तवा निदान आशा होती मले. तुमी फोटो देला अन् मी गेलो."

"थांब. रडू नको, सफेदा धरत नाही."

मारोतरावांनी त्यास पुन्हा ओंडक्यावर बसवून हुबेहूब फोटोसारखा रंगविला. चिंधू फाटकावर गेला. शिपायाने पास पाहिला, चिंधूस पाहिले, आणि त्याचा हात आपोआप सलामासाठी वर गेला. चिंधूने आयुष्यात प्रथमच सलाम घेतला आणि गिट्टी वाहावयास आत गेला.

हे पाहून बाकीच्यांनी काय करावयाचे ते ओळखले. फोटो एकदाच काढावा लागतो. परंतु त्या फोटोसारखे रोज दिसावे लागते, हा या धंद्याचा प्राण मारोतरावांस न शोधता सापडला. त्यांनी फाटकाजवळ बांबूचा मांडव घातला आणि वर फळा लावला: 'मारोतराव रंगभूषाकार. तिन्ही पाळ्यांचे चेहरे वेळेवर करून मिळतील. ओळख पटण्याची हमी. न पटल्यास तोंड धुऊन देण्यात येईल.' पहाटेपासून मजूर रांगेने माना वर करून बसत आणि मारोतराव एकीकडून भुवया, दुसरीकडून मिशा ओढीत जात. ज्यास बाजारात कोणी उधार देत नव्हते, त्याच्यापुढे आता अख्खी पाळी डोळे मिटून बसत असे.

वैभवाचे परिणाम ताबडतोब दिसू लागले. मारोतरावांस मजुरांच्या कॅम्पात पत्र्याची स्वतंत्र खोली भाड्याने मिळाली. ठकूबाई त्यांच्या घरी आली की "भाऊजी, मी च्या मांडू का?" असे विचारू लागली, आणि बळीरामने मुकादमाशी झालेले बोलणे आपण थट्टेने केले होते असे जाहीर केले. शेवंता दुपारी मांडवात येऊन सफेदा खलून देई. तिने खोलीचे, पत्र्याचे आणि भाऊजयीच्या चहाचे कौतुक केले. धंद्याचे केले नाही.

"सक्काळी तुमी त्याइले राजा करून धाडता," ती म्हणाली, "अन् अंदर मुकादम त्याइले माय-बहिनीवरून शिव्या देते. राजाले कोनी शिव्या देते का?"

"मुकादमसुद्धा माझ्याकडूनच रंगवून घेतो," मारोतराव अभिमानाने म्हणाले.

"मंग तं राजानंच राजाले शिव्या देल्या."

"त्यात माझा काय दोष? मी तोंडापुरता जबाबदार आहे."

मजुरांनी प्रथम कुरकूर केली होती. तोंड खाजते, पानतंबाखू खाता येत नाही, शिंक आली तर मिशी जाते. परंतु मनुष्यास सलामाची सवय फार लवकर लागते. काही दिवसांनी सुटीच्या दिवशीही मंडळी मांडवात येऊ लागली. बाजारात रंगवलेला मनुष्य न रंगवलेल्यास धक्का देऊन पुढे जाऊ लागला, आणि धक्का खाणारा दुसऱ्या दिवशी मांडवात येऊ लागला. ज्याचा पास अजून झालेला नव्हता, त्यास हे लोक 'डावी बाजू' म्हणून हिणवीत. गावाकडे सोयरिकीसाठी पासाचेच फोटो जाऊ लागले. नत्थू नावाच्या एका तरुणाने तर लग्नाच्या मांडवात सासऱ्याने ओळखावे म्हणून मारोतरावांस बालाघाटपर्यंत सोबत नेले, आणि लग्न होऊन बराच काळ लोटला तरी तो नवरीपुढे धुतल्या तोंडाने गेला नाही, असे त्याचे मित्र कौतुकाने सांगत.

या सुखात उन्हाळा आला आणि कोकच्या भट्ट्यांनी त्यात भर घातली. आत गेलेले राजे दुपारपर्यंत वितळू लागले. संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा फाटकापाशी जी माणसे आली, त्यांच्या तोंडावरून सफेदा छातीवर उतरलेला, मिशी एका बाजूने लोंबत असलेली, आणि मधूनमधून खाली त्यांचे खरे तोंड दिसत होते. शिपायाने पास पाहिले आणि फाटक लावून घेतले.

"जो अंदर गए थे वे बाहर नहीं आए," त्याने वर कळविले, "और जो बाहर आ रहे हैं वे अंदर गए ही नहीं थे."

कंपनीने चौकशी समिती नेमली. समितीचे काम चालू असेपर्यंत मजूर आतच ठेवण्यात आले, आणि आत आहेतच तर पुढची पाळीही त्यांच्याकडूनच करून घेण्यात आली. समितीपुढे मुद्दा एकच होता: फोटो आणि मनुष्य यांत फरक पडला तर दुरुस्ती कोणाची करावी. एका भोळ्या सभासदाने फोटो नवे काढावेत असे सुचविले. त्यावर अध्यक्षांनी दाखवून दिले की प्रत्येक फोटोवर कंपनीची मोहोर असून मोहोर लागलेली वस्तू चूक असू शकत नाही. मनुष्याच्या अंगावर मात्र कोठेही मोहोर आढळत नाही. सबब दुरुस्ती मनुष्याचीच व्हावी, असे सर्वानुमते ठरले. यापुढे मजुरांचे चेहरे फाटकाच्या आत, कंपनीच्या देखरेखीखाली आणि कंपनीच्या खर्चाने, जाताना व येताना दोन्ही वेळा रंगविण्यात यावेत, असा ठराव झाला.

ही बातमी ऐकून मारोतरावांनी शेवंतास सांगितले, "कलेचे सार्थक झाले. आता हे सरकारी काम झाल्यातच जमा आहे."

"मंग ते तुमालेच देतीन कावून?"

"माझ्यावाचून कोणाला येते?"

शेवंता सफेदा खलीत राहिली.

कामाचे टेंडर निघाले. अर्जदारास मोठ्या पृष्ठभागास रंग देण्याचा अनुभव असावा, अशी त्यात अट होती. मारोतरावांनी आजवर रंगविलेल्या सर्व तोंडांची बेरीज बाबूने करून पाहिली. ती एका मध्यम गोदामाच्याही खाली भरली. काम भय्याजी नावाच्या ठेकेदारास मिळाले. त्याने कंपनीच्या सर्व चाळी, संडास आणि कुंपणाच्या भिंती रंगविलेल्या होत्या. त्याने नंदिनीच्या खाणीकडचा चुना बादलीत कालविला, त्यात डिंक घातला, गालांसाठी गेरू घेतला, आणि भिंतीचाच कुंचला वापरून मजुरांस एका रांगेत उभे करून हात मारावयास सुरुवात केली. पहिला हात जाताना, दुसरा हात येताना. डोळे मिटण्याची जबाबदारी ज्याची त्याची होती. फाटकाजवळ खाजगी चेहरे करण्यास मनाई झाली आणि मारोतरावांचा मांडव त्याच दिवशी उपटला गेला.

मारोतराव साहेबांना भेटावयास गेले. साहेब फार सौजन्याने वागले. त्यांनी खुर्चीवर बसविले नाही, पण उभे राहण्यास हरकत घेतली नाही.

"साहेब, ही कला इथे मी आणली."

"कंपनी आपकी आभारी है," साहेब म्हणाले. "लेकिन आपके काम में एक दोष रह जाता था. चिंधू और नत्थू में थोड़ा फर्क दिखता था."

"साहेब, ते दोन मानसं हायेत." घाईत मारोतरावांची पुस्तकी मराठी सुटली.

"वही तो," साहेब म्हणाले.

भय्याजीच्या कुंचल्याने हा दोष दूर केला. त्यानंतर कंपनीच्या ध्यानात आले की सर्व चेहरे एकच असताना फोटो निरनिराळे काढणे ही उधळपट्टी आहे. ओमप्रकाशपाशी चिंधूच्या फोटोची पहिली काच, म्हणजे निगेटिव्ह, होतीच, जिच्यावर 'उत्तम' हा शेरा मिळाला होता. तिच्यावरूनच सर्वांसाठी प्रती काढण्यात आल्या. स्त्रियांच्या पासांसाठी त्याच फोटोची मिशी खरवडून डोक्यावर शाईने पदर काढला. या सुधारणेविरुद्ध एकाही मजुराने तक्रार केली नाही; उलट ज्यांचे मूळ फोटो चिंधूपेक्षा कमी उजळ आले होते, त्यांनी समाधान व्यक्त केले. पावसाळ्यात चिंधूस हिवतापाने गाठले. त्याचे गाल बसले, चुन्याचे दोन हात देऊनही तो चिंधूसारखा दिसेना, आणि शिपायाने त्यास फाटकावरून परत पाठविले. मागे उभे असलेले सगळे चिंधू 'लाइन थांबून राहिली' म्हणून त्याच्यावर ओरडले.

इकडे मारोतरावांची पत्र्याची खोली सुटली. रंगपेटी पुन्हा बळीरामच्या दीड खोलीत आली आणि पुन्हा ठकूबाईच्या पायात येऊ लागली. मारोतरावांनी लग्नघरे पाहिली, शाळांची स्नेहसंमेलने पाहिली, कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांच्या नाट्यमंडळांचे दरवाजे ठोठावले. सर्वत्र एकच उत्तर मिळाले: आजकाल भय्याजीचे लोक बादली घेऊन येतात, अर्ध्या तासात सगळे आटपतात, आणि शिवाय तो कंपनीचा चेहरा असतो. दिवाळी आली आणि गेली. दिवाळीच्या दुसऱ्या आठवड्यात बळीराम म्हणाला, "भाऊजी, मुकादम पुसत होता." आपण ते थट्टेने बोललो होतो, हे तो विसरून गेला होता.

मारोतरावांनी तोंड उघडण्यापूर्वीच शेवंता म्हणाली, "उद्यापासून येतो म्हना त्याले."

रात्री भाकरी झाल्यावर मारोतरावांनी पेटी उघडली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "निदान सकाळी तुझे तोंड मी करून देतो. चुना आग करतो. सफेद्यात खोबरेल घालून देईन, कातडी जाणार नाही."

"खाजगी तोंड चालत नाई. कंपनीच्याच मानसानं करावं लागते."

"मग दुपारी धुऊन टाक."

"धुतलं तरी संध्याकाळी बाहीर येतानी दुसरा हात मारतीनच," शेवंता म्हणाली. "ठेवा ती पेटी. झोपा आता."

दुसऱ्या दिवशी ती गेली. मारोतराव दिवसभर क्वार्टरच्या ओट्यावर बसून राहिले. आपली प्रतिज्ञा मोडली हे त्यांस कळत होते. परंतु ती नेमकी कोणत्या दिवशी मोडली, म्हणजे मांडव उपटला त्या दिवशी, की तो घातला त्या दिवशी, याचा त्यांस उलगडा होईना. संध्याकाळी बायकोच्या डोक्यावरचे रिकामे घमेले तरी आपण घ्यावे, एवढ्या विचाराने ते फाटकावर जाऊन उभे राहिले.

पाळी सुटली. प्रथम पुरुष आले, मग बाया. मातीने भरलेल्या शेकडो लुगड्यांवर चुन्याचे शेकडो चेहरे येऊ लागले. तीच भुवई, तोच गेरूचा गाल, तेच राजाचे तोंड, मारोतरावांनी साकोलीच्या गॅसबत्तीत बसविलेले आणि भय्याजीने बादलीत उतरविलेले. मारोतराव एकेका बाईकडे निरखून पाहू लागले. दोघी-तिघींनी त्यांस शिव्या दिल्या. एक बाई हसली, ती शेवंता असावी असे वाटून ते पुढे झाले, तर ती मागच्या कोणा दुसऱ्याकडे पाहून हसत होती. तोंडे पाहून माणूस सांगणे ज्याचा धंदा, तो गृहस्थ फाटकापाशी गर्दी ओसरेपर्यंत आंधळ्यासारखा उभा होता. शेवटी एक बाई त्यांच्यापुढे येऊन थांबली आणि तिने हातातले घमेले त्यांच्या हातात दिले.

"उभे कावून राहिले? चला."

"शेवंते, तूच ना?"

"पास पाहा," ती म्हणाली.

मारोतरावांनी पास घेऊन उजेडाकडे धरला. फोटो तंतोतंत जुळत होता. त्यांनी पास परत दिला, घमेले काखेत धरले आणि ते तिच्यामागून निमूटपणे क्वार्टरच्या वाटेला लागले.

ज्याने हयातभर तोंडे रंगविली त्यास आपल्या बायकोचे तोंड ओळखता आले नाही, म्हणून वाचकांपैकी पुष्कळजण मारोतरावांस हसतील, आणि कंपनीस नावे ठेवतील, हे आम्ही जाणून आहोत. परंतु हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कथेत आम्ही मारोतरावांची अर्धी मिशी सांगितली, चिंधूच्या तोंडावरचे व्रण आणि तुटका दातही सांगितला. शेवंता मात्र पहिल्यापासून आपल्यापुढे वावरली, बोलली, सफेदा खलीत राहिली आणि शेवटी माती वाहून आली. तिचे तोंड कसे होते हे आम्ही एकदाही सांगितले नाही, आणि इतका वेळ आपणही ते विचारले नाही.